मोसंबीच्या सालीचं पाणी मारलं, मुंग्या जागच्या हलेनात : तुमच्या प्रश्नांची उत्तरं

राम राम मंडळी. पंधरा दिवसांपासून मुंग्यांवरच फोन चालू आहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

अंबड तालुक्यातल्या एका दादांचा प्रश्न आधी घेतो. मोसंबीत तांबड्या मुंग्या लई झाल्यात, चावायलेत म्हणून बाया झाडाखाली जायला तयार नाहीत, निंबोळी अर्क दोनदा मारला, मग कुणीतरी सांगितलं म्हणून मोसंबीच्या साली उकळून ते पाणीही फवारलं, फरक शून्य.

दादा, निंबोळीचं आधी बघू. त्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन किडीची कात टाकायची प्रक्रिया बिघडवतं आणि तिची भूक मारतं. आता झाडावर जी मुंगी पळताना दिसते ती पूर्ण वाढलेली कामकरी, तिला कात टाकायचीच नाही, मग ती मरणार कशी? पण त्याच फांदीवर पिठ्या ढेकणाची (रस शोषणारी पांढरी कीड) बारीक पिल्लं असतात ना, त्यांच्यावर निंबोळी चालते. आणि मुंगी झाडावर चढते ती मोसंबी खायला नाही, ढेकूण आणि मावा जो गोड चिकटा टाकतात तो चाटायला. त्या बदल्यात ती त्यांची राखण करते, त्यांना खाणारा ढालकिडा आला की हाकलून लावते. त्याच चिकट्यावर पुढं काजळी, म्हणजे काळी बुरशी, धरते. म्हणजे मुंगी दिसली की आधी पान उलटं करून बघा.

सालीचं म्हणाल तर सालीच्या तेलात ९० टक्क्यांच्या वर लिमोनीन असतं आणि ते खरंच मुंगीला मारतं, तिच्या अंगावरचा मेणाचा थर विरघळवतं. पण ते पाण्यात विरघळत नाही आणि उकळलं की वाफेबरोबर उडून जातं, म्हणजे तुम्ही फवारलं ते वासाचं पाणी. बाजारात तयार संत्रा तेल मिळतं, ते साबणाच्या पाण्यात घोटून वारुळात ओतलं तर काम करतं, पानावर मात्र मारू नका, पान करपतं. लवंग तेल, पुदिना तेल यांचाही मुंग्यांवर परिणाम होतो, लवंगेतलं युजेनॉल तर चांगलंच जालीम आहे, पण एकरभर बागेला लवंग तेल म्हणजे खिशाला भोकच.

आणि मुख्य गोष्ट, जी फवारणी करणारे विसरतात, राणी खाली मातीत बसलेली असते. वरच्या शंभर मारल्या तरी ती अंडी घालतच राहते. वनस्पतीची तेलं उग्र वासाची, मुंगी ती घरट्यात नेत नाही, उलट वाट बदलते, काही जातींत तर त्रास दिला की राण्या घेऊन दुसरीकडं बिऱ्हाड थाटतात.

म्हणून असं करा. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, गवत काढा. खोडाला ३० सेंमी रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा, खालची फट चिखलानं बुजवा आणि पट्टीवर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीवर नाही बरं का, मागं एकानं तसं चोपडलं अन् खोडाची साल खराब करून घेतली. वर ५ टक्के निंबोळी अर्क (५ किलो निंबोळ्यांची भरड, १०० लिटर पाणी, २०० ग्रॅम साबण) पानाच्या खालून, संध्याकाळी, कारण उन्हानं अ‍ॅझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं. वारूळ खोडापासून लांब असेल तर १०-१२ लिटर कडकडीत गरम पाणी सकाळी ओता, अमेरिकेत फायर अँटवर (आग होईल अशी डसणारी तांबडी मुंगी) हा उपाय करतात, साधारण ६० टक्के वारुळं मरतात म्हणे, म्हणजे काहींना परत ओतावं लागणार. खोडाजवळ ओतू नका, मुळ्या शिजतील.

बीडहून एका ताईंनी विचारलंय, सीताफळाच्या बियांची पूड मुंग्यांवर टाकावी का. ताई, बियांत कीटक मारणारे घटक आहेत, आपल्या आज्ज्या उवांना लावायच्या ते उगीच नाही. पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, असे पेशंट डॉक्टरांकडं येतात. वाऱ्यात उधळू नका, लेकरांच्या हाती देऊ नका, आणि वाटलेलं भांडं विहिरीत किंवा तळ्यावर धुऊ नका, माशांना ते विष आहे.

तंबाखूचा काढा करणाऱ्यांना सरळ नाही म्हणतो. निकोटीन कातडीतून अंगात जातं, चक्कर, उलट्या होतात. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, हा समज सोडा.

मुंग्या ड्रिपच्या नळ्यांना भोकं पाडायल्यात, नळ्यांवर करंज तेल चोळू का, असं लातूरहून विचारलंय. नका चोळू, आपल्या उन्हात फार टिकत नाही. नळीजवळची वारुळं शोधून मोडा.

शेवटी तो मोबाईलवर फिरणारा व्हिडिओ, ‘परदेशी मुंगी आली, जनावरं आंधळी करते’. त्यात तथ्य आहे, पण ते तमिळनाडूतलं, दिंडीगुल जिल्ह्यात करंतमलै डोंगराजवळ २०२२ मध्ये पिवळ्या लांब पायांच्या मुंग्यांनी गावकऱ्यांना हैराण केलं होतं. ती डसत नाही, फॉर्मिक अ‍ॅसिड उडवते आणि वेड्यासारखी इकडंतिकडं धावते. आपल्याकडं आग होईल अशी डसणारी तांबडी मुंगी बऱ्याचदा मूळ अमेरिका खंडातली, पण भारतात फार पूर्वीच रुळलेली फायर अँट असते, एकाच वारुळात लहान-मोठ्या मुंग्या, मोठीचं डोकं चौकोनी. किडींची अंडी खाणाऱ्या कामाच्या मुंग्याही शेतात असतात, म्हणून दिसेल तिला मारत सुटू नका. शंका असेल तर दहा-बारा मुंग्या, लहान-मोठ्या दोन्ही, छोट्या बाटलीत स्पिरिट घालून सहायक कृषी अधिकाऱ्याकडं (आधीचे कृषी सहायक) द्या, फोनवर फोटो पाठवून काही कळत नाही, सगळ्या लालच दिसतात.