ती माझ्यामागे लपली आणि मला बरं वाटलं

ताई,
मी परभणीची, वय 54. घरात मी, माझे मिस्टर आणि 79 वर्षांच्या सासूबाई. फेब्रुवारीत ओळखीतला एक मुलगा, जखमी जनावरांसाठी धावपळ करणारा, एक कुत्री घेऊन दारात आला. वसमत रस्त्यावर गाडीने उडवलेली, मागचा पाय मोडलेला. "काकू, पंधरा दिवस ठेवा, तोवर घर बघतो," म्हणाला. पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. पाय जुळला, थोडी लंगडते. रंग पिठल्याचा, म्हणून सासूबाईंनीच नाव ठेवलं पिठली. पहिल्या दिवशी "कुत्रं घरात कामून आणलंस?" म्हणून त्या रागाने जेवल्या नव्हत्या, आता दिवसभर तिच्याशीच बोलत असतात.

पण ती माझ्याच हातचं खाते, माझंच ऐकते. मिस्टर हेल्मेट घालून आले की कॉटखाली जाऊन मुतते. मी दळण आणायला गेले तरी दार खरवडते. एकदा जालन्याच्या एका घरी दिली होती, "रात्रभर रडते" म्हणून त्यांनी चौथ्या दिवशी परत आणली. सोळा दिवसांपूर्वी सासूबाईंनी पोळी पुढे केली तर त्यांच्या बोटाला दात लागला, थोडं रक्त आलं, आम्ही हळद लावली.

आता संभाजीनगरचं एक शिक्षक जोडपं त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन बघायला येऊन गेलं. माणसं चांगली आहेत. पण पिठली माझ्या साडीमागे लपली ती बाहेर आलीच नाही. खरं सांगू? मला मनातून बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. विश्वास लावायचा आणि परक्याच्या हाती द्यायचं, हे पाप नाही का? मीच ठेवून घेऊ का? सुनेचं बाळंतपण दिवाळीत आहे, तेव्हा तीन महिने पुण्याला जावं लागणार, तोही घोर आहेच.
— एक वाचक, परभणी

परभणीच्या ताई,

तुम्ही विचारलंत ते नंतर. आधी बोटाचं.

हळद लावून तुम्ही मोकळ्या झालात, याचा मला राग आलाय. कुत्र्याचा दात लागून रक्त आलं की पहिलं काम म्हणजे नळाची धार आणि साबण, चांगली पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट, काही काही चोळायचं नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. लसीचा पहिला डोस त्या दिवशी, पुढचे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कुत्री घरची आहे, लाडाची आहे, दात चुकून लागला, हे रेबीजला कळत नाही, आणि त्याची लक्षणं एकदा दिसली की माणूस हाती लागत नाही. सोळा दिवस उलटले आणि पिठली खाऊनपिऊन धडधाकट आहे, म्हणून मी आवाज खाली ठेवून बोलतेय. चावलेलं कुत्रं दहा दिवसांनंतर ठणठणीत असेल तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नसतो. पण ते दहा दिवस लस सुरू करून मोजायचे असतात, देवावर हवाला ठेवून नाही. सासूबाईंना एकदा डॉक्टरांना दाखवून आणा, धनुर्वाताचंही विचारा. पिठलीला रेबीजची लस टोचली की नाही, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. टोचली असेल तर कार्ड शोधा, नसेल तर याच आठवड्यात टोचून घ्या. ती दरवर्षी द्यावी लागते. कार्ड हातात नसताना कुत्रं कुणाच्या घरी पाठवायचं नाही. नसबंदीचंही त्या मुलाला विचारा, झाली नसेल तर घर बदलायच्या आधी उरकून घ्या.

आता, दात का लागला? तीन महिन्यांत त्या हातातून पिठलीने एकदाही खाल्लेलं नव्हतं म्हणून. अनोळखी हात, वरून खाली आलेला, बोटांच्या चिमटीत पोळी. तिने हिसकावून घेतली, बस्स. तिच्या मनात वाकडं असतं तर बोट नुसतं ओरखडून थांबलं नसतं.

आणि इथूनच तुमच्या त्या वाक्याकडे येते, "मला मनातून बरं वाटलं." लाज वाटून घेऊ नका. पण ते वाक्य नीट वाचा, कारण तुमच्या सगळ्या अडचणी त्यात आहेत. ताई, पिठली तुमच्याशिवाय कुणाची होत नाही, याला निम्मं कारण पिठली आहे आणि निम्मं तुम्ही. वाटी तुम्ही देता. फिरायला तुम्ही नेता. ती दचकली की उचलून पोटाशी तुम्ही घेता. कुणी जवळ आलं की "घाबरते हो ती" हेही तुम्हीच सांगत असणार, पैजेवर सांगते. मोडक्या पायाने आलेल्या जिवासाठी पहिले पंधरा-वीस दिवस हे बरोबरच होतं, एक तरी माणूस भरवशाचं लागतं. पुढे मात्र तो भरवसा दुसऱ्यांपर्यंत पोचवायचा होता. जालन्याहून ती परत आली, त्यात त्या लोकांचा उतावीळपणा असेलच, चार दिवसांत कुणी रुळत नाही. पण रात्रभर ती रडली, कारण जगात खाऊ देणारा हात एकच आहे असं ती शिकून गेली होती.

तेव्हा उद्यापासून वाटी तुमच्या हातून काढून घ्या. सकाळची वाटी मिस्टरांकडे, संध्याकाळची सासूबाईंकडे. हातातून भरवायचं नाही. सासूबाईंनी खुर्चीत बसून वाटी जमिनीवर ठेवायची, काठीने हलकेच पुढे सरकवायची आणि तिच्याकडे न बघता जप करत बसायचं. पहिली एखाद-दुसरी वेळ पिठली उपाशी राहील, तुमच्याकडे केविलवाणं बघेल. तेव्हा तुम्ही घरात नसाल तर उत्तम, शेजारी जाऊन बसा. धडधाकट कुत्रं एका जेवणाने वाळत नाही. (दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही, अंग गरम लागलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर मात्र हा हट्ट नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात गोचिडतापाच्या केसेस भरपूर असतात, लगेच रक्त तपासून घ्या.) वाटीवर रुळली की मग उघड्या तळहातावर, हात खाली ठेवून, एकेक तुकडा.

सासूबाई नामदेवांची गोष्ट सांगतीलच. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे महाराज तुपाची वाटी घेऊन धावले होते, आणि नामदेवांची नरसी तुमच्यापासून कितीशी लांब? त्यांना म्हणावं, तूप बोटभर चालेल. वाटीभर घातलंत तर तिचं स्वादुपिंड सुजेल. आणि नाव पिठली असलं तरी पिठलं घालायचं नाही, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. द्राक्षं-बेदाणेही नकोत. ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, उकडलेलं अंडं, खात असाल तर बिनमिठाचं बिनहाडाचं चिकन, हे चालतं.

हेल्मेटचं काम मिस्टरांनी करायचं. ती मुतते ते भीतीने, म्हणून रागावून उपयोग नाही, रागावलात तर आणखी मुतेल. हेल्मेट दोन दिवस नुसतं फरशीवर, उताणं. आजूबाजूला अंड्याचे तुकडे टाका. मग तुकडे हेल्मेटच्या आत. ती त्यात बिनधास्त तोंड घालायला लागली की मिस्टरांनी ते मांडीवर घेऊन बसायचं. मग एका हातात धरून उभं राहायचं. मग अंगणाच्या पार टोकाला जाऊन क्षणभर डोक्यावर ठेवायचं आणि काढायचं. ती कुठल्याही टप्प्यावर मागे सरली तर एक पायरी खाली उतरायचं. पंधरा दिवस लागतील, महिनाही लागेल. तोवर त्यांनी हेल्मेट फाटकाबाहेर काढून, पिशवीत घालून घरात यायचं. फार वाटतंय? या एका जिन्नसापायी उद्या कुठल्याही घरून ती परत येऊ शकते. मोटारसायकल कुणाच्या दारात नाही?

दार खरवडण्याला औषध एकच, जाण्याचं कौतुक बंद करा. "येते हं राणी, लवकर येते" हे सगळं बंद. चप्पल घाला, दार ओढा, मनात दहा आकडे मोजा, आत या, काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने भांडी लावायला लागा. दिवसात आठ-दहा वेळा. मग मिनिट, मग पाच मिनिटं, मग दळण. ती रडायला लागल्यावर परत येऊ नका, रडायच्या आत परत या. सगळी मेख त्यात आहे.

हे शिक्षक कुटुंबासाठी फार महत्त्वाचं आहे. ते मे महिन्यात कुत्री बघायला आले. का? सुट्टी आहे म्हणून. म्हणजे पिठली गेली तर महिनाभर घरात तिघंही दिवसभर, नुसता लाड. आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडली की एका सकाळी तिघंही गायब. त्या दिवशी दारच काय, उंबरा खाऊन काढेल ती. त्यांना आत्ताच सांगा की पहिल्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ तिला एकटं सोडायचं, घरी असलात तरी.

न्यायच्या आधी त्यांना आणखी दोन-तीनदा बोलवा. या वेळी तुम्ही साडीचा आडोसा देऊ नका, आतल्या खोलीत जा. मुलीला सांगा, जमिनीवर बसून गोष्टीचं पुस्तक वाच, मोठ्याने, पिठलीकडे बघायचं नाही, बाजूला तुकडे पडलेले असू देत. अकरा वर्षांच्या मुलीला हे मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं. शेवटच्या खेपेला पिठलीची दोरी त्यांच्या हातात द्या आणि रस्त्यावर चक्कर मारून येऊ द्या, तुमच्याशिवाय. वेळ सकाळी साडेसहाच्या आत किंवा दिवे लागल्यावर, परभणीच्या मेमध्ये दुसरी वेळ नाही. पालथा हात डांबरावर सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसला तर तिच्या पंजांना सोसेल.

दुसरीकडूनही विचारणा होईल. "आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) राखणीला पाहिजे" म्हणणारे आपल्याकडे सगळ्यात जास्त. मी त्यांना सरसकट नाही म्हणत नाही. सालगड्याचं कुटुंब तिथंच राहतं, दिवसभर पोरं-ढोरं आजूबाजूला, रात्री दारात झोपायला मिळतं, असा आखाडा दहा तास कुलूप असलेल्या फ्लॅटपेक्षा कधीही बरा. पण "साखळी किती लांब ठेवू?" हा ज्याचा पहिला प्रश्न, त्याला पाणी पाजा आणि वाटेला लावा.

आता पापाचं. तुम्हीच ठेवून घेतली तर त्यात वाईट काही नाही. पण ती अजून बरीच वर्षं जगेल, आणि दिवाळीत तुम्ही तीन महिने पुण्याला. त्या तीन महिन्यांत ती कुणाच्या हातचं खाणार? बघा, ठेवा किंवा द्या, वाटी दुसऱ्याच्या हाती जायचीच आहे. मला विचाराल तर द्या. पत्रात "मला कुत्री हवीय" असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, तिला परक्याच्या हाती द्यायचा तो दिवस नको, एवढंच त्यातून दिसतं. आणि वसमत रस्त्यावर उद्या आणखी एखादं उडवलं जाईल तेव्हा त्या मुलाला तुमचा कोपरा मोकळा लागेल.

माझी आजी धारूरकडची. दसऱ्यानंतर लेक-जावई ऊसतोडीला निघाले की तीन नातवंडं तिच्याकडे. पाच-सहा महिने न्हाऊमाखू घालायची, शाळेत धाडायची. लेकरांची आणि कुत्र्याची बरोबरी मी करत नाही, सांगतेय ते आजीचं. टोळी परतायची वेळ झाली की ती लेकरांना सारखं आईबापाचंच सांगत राहायची. "तुझा बाप आला की तुला खांद्यावर घेईल बघ." स्वतःकडे ओढायची नाही. त्या दिवशी लेकरं तिला न बिलगता पळत सुटायची, आणि ती चुलीपुढं बसून नाक पुसायची. तिला बरं वाटायचं की वाईट, हे मी कधी विचारलं नाही. पुढच्या दसऱ्याला तिचं दार उघडंच असायचं.

जाण्याच्या दिवसाचं थोडं. गळ्यात पट्टा, त्यावर त्यांचा फोन नंबर, शिवाय अंगाला वेगळा बंद (हार्नेस) आणि दोन्हीला दोरी. नव्या घरातून पहिल्या आठवड्यातच कुत्री निसटतात आणि ओळखीचा रस्ता शोधत फिरतात. सोबत दहा दिवसांचं तेच खाणं द्या, बदल हळूहळू करू देत. पहिल्या तीन रात्री रडेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, आणि परत आणायचा विचार महिनाभर करणार नाही एवढं कबूल करून घ्या. फोटो मागा, पण भेटायला महिना-दोन महिने जाऊ नका. गाडी निघेल तेव्हा फाटकात उभ्या राहू नका, आत जाऊन चहा टाका. सासूबाईंना त्या दिवशी तुमच्यापेक्षा जास्त लागणार आहे.

आणि ती ज्या वाकळीवर झोपते ती बरोबर द्या. मळकी दिसते म्हणून धुऊ मात्र नका.