मंत्र्यांचे उत्तर कसे वाचावे?

संसदेच्या अधिवेशनकाळात उद्योग आणि सरकारी खर्च या विषयांवर मंत्री जी उत्तरे देतात, त्यांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील चार पत्रांची उत्तरे या अंकात देत आहे.

प्रश्न : लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास मी दूरचित्रवाणीवर नेमाने पाहते. मंत्री उभे राहतात, ‘विवरण सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे’ एवढेच म्हणतात आणि बसतात. मग उत्तर मिळाले कुठे? (एक वाचिका, सातारा)

उत्तर : आपण पाहता तो तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तरासाठी लावलेला, प्रश्न असतो आणि त्याचे लेखी उत्तर तोपर्यंत छापून तयार झालेले असते. सदस्याने किमान १५ दिवस आधी सूचना द्यायची, सोडत निघायची आणि त्या दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न लागायचे, अशी लोकसभेतील पद्धत आहे. मुख्य प्रश्नाचे उत्तर वाचून दाखवण्यात वेळ घालवण्याऐवजी ते पटलावर ठेवले जाते, आणि सदस्य उपप्रश्न विचारू लागला की तासाचा खरा भाग सुरू होतो. लेखी उत्तर मंत्रालयातील अधिकारी तयार करतात. उपप्रश्नाला मात्र मंत्र्यांना उभ्या उभ्या उत्तर द्यावे लागते आणि त्यांनी आपले खाते किती समजून घेतले आहे, हे तिथेच दिसते. एका तासात पाच-सहा प्रश्न तोंडी झाले तरी पुष्कळ. उरलेल्या तारांकित प्रश्नांची आणि दिवसाला २३० पर्यंत जाणाऱ्या अतारांकित प्रश्नांची उत्तरे केवळ लेखी मिळतात. ती संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, आणि उद्योग व खर्च यांची सर्वांत भरीव आकडेवारी बहुधा या अतारांकित उत्तरांच्या जोडपत्रांतच असते.

प्रश्न : माझी कोल्हापुरात छोटी फाउंड्री आहे. उद्योगांसाठी लाखो कोटींच्या योजनांचे आकडे मंत्री संसदेत सांगतात. आमच्या औद्योगिक वसाहतीत त्यातले काही दिसत नाही. हे आकडे खोटे असतात का? (एक उद्योजक)

उत्तर : आकडे सहसा खोटे नसतात, पण तो आकडा नेमका कशाचा आहे, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. सरकारी पैशाच्या वाटेवर चार वेगवेगळे टप्पे आहेत : योजनेचा एकूण मंजूर नियतव्यय (योजनेसाठी ठरवून दिलेली एकूण रक्कम), त्या वर्षाच्या अर्थसंकल्पातील तरतूद, प्रत्यक्षात वितरित केलेला निधी आणि शेवटी झालेला खर्च. एकाच योजनेसाठी हे चार आकडे एकमेकांपासून फार लांब असू शकतात आणि चारही खरे असतात.

उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेचे, म्हणजे पीएलआयचे, उदाहरण घ्या. २०२० पासून टप्प्याटप्प्याने १४ क्षेत्रांसाठी जाहीर झालेल्या या योजनेचा एकूण नियतव्यय सुमारे १.९७ लाख कोटी रुपये सांगितला जातो. ही रक्कम तिजोरीतून बाहेर पडलेली नाही. अनेक वर्षांत मिळून द्यावयाच्या प्रोत्साहनाची ती कमाल मर्यादा आहे. कारखान्याने आधी गुंतवणूक करायची, उत्पादन वाढवायचे, ठरवलेल्या आधारवर्षापेक्षा विक्री किती वाढली हे दाखवायचे आणि त्या वाढीव विक्रीच्या काही टक्के रक्कम नंतर मागायची, अशी तिची रचना आहे. मोबाइल संचांच्या मोठ्या उत्पादकांसाठी आधारवर्ष २०१९-२० होते आणि दर ६ टक्क्यांपासून ४ टक्क्यांपर्यंत उतरता होता. ज्याने विक्रीचे लक्ष्य गाठले नाही, त्याला त्या वर्षी काही मिळत नाही. म्हणून ‘एवढ्या कोटींची योजना’ हे एक विधान झाले आणि ‘एवढे कोटी दिले’ हे दुसरे. या दोहोंतील अंतर जो सदस्य उपप्रश्नात विचारतो, तो आपल्यासारख्यांचे काम करतो, असे मी मानतो.

अर्थसंकल्पाची कागदपत्रे वाचतानाही हाच भेद उपयोगी पडतो. २०२५ च्या फेब्रुवारीत मांडलेल्या अर्थसंकल्पात २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज, २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय व सुधारित अंदाज आणि २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी छापलेले असतात. एखाद्या योजनेची तरतूद मोठी असून तिचा सुधारित अंदाज वर्षानुवर्षे खाली येत असेल, तर ती योजना कागदावर अडली आहे, असे समजण्यास हरकत नाही. ‘गुंतवणूक’ या शब्दाबाबतही अशीच सावधगिरी बाळगावी. सामंजस्य करार म्हणजे इच्छेची नोंद. त्यानंतर भूखंडाचा ताबा, वीजजोडणी, बांधकाम आणि उत्पादनाची सुरुवात एवढे टप्पे उरतात. उत्तरात ‘प्रस्तावित’ हा शब्द आहे की ‘प्रत्यक्ष’, हे आधी पाहावे.

प्रश्न : मंत्र्यांनी सभागृहात चुकीचे किंवा अर्धवट उत्तर दिले, तर कोण काय करू शकते? (एक प्राध्यापक, नांदेड)

उत्तर : नियमांत मार्ग आहेत. चूक लक्षात आली तर मंत्र्यांनी सभागृहात दुरुस्ती करावी लागते. सदस्यालाही अध्यक्षांना लिहून चूक निदर्शनास आणता येते. जाणूनबुजून दिशाभूल झाल्यास विशेषाधिकारभंगाची सूचना देता येते. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर आले, तर ते आश्वासन मानले जाते आणि ते तीन महिन्यांत पूर्ण व्हावे यावर शासकीय आश्वासन समिती लक्ष ठेवते. तरीही, नियमांपेक्षा सदस्याची चिकाटी अधिक काम करते, असे माझे मत आहे, आणि त्याचा आधार १९५७ चे मुंदडा प्रकरण हा आहे.

आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झाले. त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आत, जून १९५७ मध्ये, महामंडळाने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग खरेदी केले. महामंडळाच्याच गुंतवणूक समितीला त्याआधी विचारले गेले नव्हते. पैसा सरकारचा नव्हे, विमाधारकांचा होता. महिन्याच्या पगारातून हप्ता भरणाऱ्या माणसांचा होता. लोकसभेत यावर प्रश्न आले, अर्थखात्याच्या उत्तरांनी सदस्यांचे समाधान झाले नाही, आणि १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी यांनी तारखा आणि भाव सभागृहासमोर ठेवून हा व्यवहार उलगडून दाखवला. ते सत्ताधारी काँग्रेस पक्षाचेच खासदार होते, हे मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. त्यांनी खुली सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल देऊनही टाकला. खात्याच्या सचिवाने परस्पर केले, असे म्हणून मंत्र्याला बाजूला होता येत नाही, सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच महिन्यात अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. एका उत्तरावर समाधान न मानता पुढचा प्रश्न विचारत राहण्यातून हे घडले. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात साथीच्या कारणाने प्रश्नोत्तराचा तास झाला नाही आणि केवळ लेखी उत्तरे मिळाली, तेव्हा हा ‘पुढचा प्रश्न’च नाहीसा झाला होता, त्याची खंत मला आजही वाटते.

प्रश्न : आमच्या औद्योगिक वसाहतीतील बंद पडलेल्या भूखंडांबद्दल खासदारांकरवी संसदेत प्रश्न विचारता येईल का? (काही वाचक, चिपळूण)

उत्तर : थेट भूखंडांबद्दल नाही. उद्योग हा विषय मुख्यतः राज्यसूचीत आहे आणि एमआयडीसीचे भूखंड राज्याच्या अखत्यारीत येतात. तो प्रश्न आपल्या आमदारांनी विधानसभेत विचारायचा. मात्र वसाहतीतील लघुउद्योगांना केंद्राच्या एखाद्या योजनेतून निधी मंजूर झाला असेल, तर खासदारांना विचारता येईल. प्रश्न १५० शब्दांच्या आत असावा, त्यात तर्क, आरोप किंवा विशेषणे नसावीत, आणि वर सांगितलेले पैशाचे टप्पे वेगवेगळे विचारावेत. एकत्र विचारले की उत्तरही एकत्र येते, आणि त्यातून काही हाती लागत नाही. आपल्या खासदारांकडे साधारण असा मसुदा द्यावा :

(अ) सदर योजनेखाली गेल्या तीन वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यासाठी वर्षनिहाय किती निधी मंजूर झाला;
(आ) त्यापैकी किती निधी वितरित झाला व किती प्रत्यक्ष खर्च झाला;
(इ) लाभ मिळालेल्या घटकांपैकी किती घटक आज उत्पादन करीत आहेत, आणि
(ई) मंजूर व खर्च झालेल्या रकमांत तफावत असल्यास, त्याची कारणे काय आहेत?