सुडोकू बनवायचंय? आधी उत्तर, मग कोडं

हे बघ, रिकाम्या ग्रिडमध्ये मनाला येतील तसे आकडे टाकत बसू नकोस, आधी ८१ घरांचं पूर्ण भरलेलं ग्रिड बनव आणि मग एकेक आकडा काढत जा, दर वेळी तपासायचं की उत्तर अजून एकच येतंय ना. दोन उत्तरं निघाली की कोडं बाद. काही गोष्टी तर न सोडवताच कळतात, म्हणजे ९ पैकी निदान ८ वेगवेगळे आकडे दिलेले हवेतच, कारण समज ४ आणि ७ दोन्ही कुठेच नसतील तर उत्तरात त्यांची अदलाबदल केली तरी चालतं. तसंच एका ओळीत ३ आणि ८, दुसऱ्या ओळीत त्याच कॉलममध्ये ८ आणि ३, आणि ही चारही घरं मिळून दोनच बॉक्समध्ये (म्हणजे ३×३ च्या छोट्या चौकोनांत), असं दिसलं की त्यातला एक तरी आकडा ठेवायचाच. १७ च्या खाली जायचा नाद सोड, २०१२ मध्येच कॉम्प्युटरने तपासून झालंय, १६ आकड्यांत जमत नाही. आणि कमी आकडे म्हणजे अवघड असं काही नसतं हां, ३० वालं पण डोकं खाऊ शकतं. शेवटी स्वतः पेन्सिलने सोडवून बघ, सॉफ्टवेअरला मजा कळत नाही, आणि कुठे अंदाजाने आकडा टाकावा लागलाच तर तिथे एक आकडा परत देऊन टाक.