वाचकांचे प्रश्न: ४६ मिनिटांच्या अंतराला ८० मिनिटं का?

प्रश्न: दोन प्रादेशिक विमानतळांमधलं अंतर ३८५ किमी दाखवतात. विमान एटीआर ७२ (जेट नव्हे, पंख्यावर चालणारं), वेग ताशी ५०० किमी धरला तर ४६ मिनिटं होतात. तिकिटावर मात्र १ तास २० मिनिटं आहेत. उरलेला वेळ जातो कुठे? आणि हे अंतर स्वतः काढता येतं का?

उत्तर: तिकिटावरची वेळ निव्वळ हवेतली नसते. विमान उभ्या जागेवरून हललं की मोजणी सुरू होते आणि दुसरीकडे जागेवर थांबलं की संपते. धावपट्टीपर्यंत जायला दहाएक मिनिटं, उतरल्यावर पाचेक. ५०० हा वेग फक्त वर सरळ उडतानाचा. चढताना तो ३५०-४०० च्या आसपासच असतो, तिथे पाच-सहा मिनिटं जास्तीची जातात. शिवाय ३८५ किमी हे सरळ रेषेतलं अंतर. विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जातं आणि वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धावपट्टीच्या सोयीच्या टोकाला वळसा घालून उतरतं. त्यात ३०-४० किमी सहज वाढतात. झाली ७० च्या वर मिनिटं. बाकीची कंपनीने उशिराची सोय म्हणून राखलेली.

जेट असतं तर निम्म्या वेळात पोचलो असतो, असं वाटतं. तसं होत नाही. दर हजार फूट खाली यायला साधारण ३ सागरी मैल लागतात. ३६,००० फुटांवरून उतरायचं तर १०८ सागरी मैल, म्हणजे २०० किमी. अर्धा प्रवास उतरण्यातच! म्हणून एवढ्या अंतरावर जेटही इतक्या उंचीवर जात नाही, आणि वाचतात ती जेमतेम दहा-पंधरा मिनिटं.

वाऱ्याचा हिशेबही फसवा आहे. ताशी ८० किमीचा वारा समोरून आला तर ४६ ची ५५ मिनिटं होतात, पाठीमागून आला तर ४०. जाण्यायेण्यात फिटंफाट होत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

अंतर काढायला दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. अक्षांशातला फरक गुणिले १११ किमी. रेखांशातला फरकही गुणिले १११, पण त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने पुन्हा गुणा. हे विसरलं की अंतर फुगतं. २० अक्षांशावर २ अंश आणि ३ अंश फरक असेल तर २२२ आणि ३१३ किमी. दोघांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ: सुमारे ३८४. काहीशे किलोमीटरपर्यंत ही रीत पुरते. त्यापुढे पृथ्वीची गोलाई धरणारं हॅवरसाइन सूत्र वापरा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या कला-विकला वाचताना (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). १९ अंश ३० कला म्हणजे १९.५०, १९.३० नव्हे. एवढ्यानेच २२ किमी चुकतात. उत्तर सागरी मैलांत आलं असेल तर १.८५२ ने गुणा. आणि दोन विमानतळ वेगळ्या कालविभागांत असतील तर तिकिटावरच्या वेळांची थेट वजाबाकी करू नका. त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात. आधी दोन्ही यूटीसीत, म्हणजे जगभर सारख्या धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत, आणा.