सॅल्मनची निवड पैदास: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पाळीव सॅल्मन रानटी सॅल्मनपेक्षा खूप लवकर वाढतो म्हणतात. हे खाद्यामुळे की पैदाशीमुळे?

उत्तर: दोन्हींमुळे, पण पुढच्या पिढीकडे जाते ती पैदाशीची कमाई. नॉर्वेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ४० नद्यांमधून सॅल्मनची अंडी आणून चार वेगळे गट उभे केले गेले. चारच का? सॅल्मनची पिढी साधारण चार वर्षांची. दरवर्षी पैदास हवी तर चार गट लागणारच. हॅराल्ड शेर्वोल्ड आणि त्रिग्वे येद्रेम या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी जनावरांच्या पैदाशीतलं गणित माशांना लावलं, आणि वाढीत दर पिढीला साधारण १० ते १५ टक्क्यांची भर पडत गेली. गाईंमध्ये एवढी मजल मारता येत नाही. गाय एका वेताला एक वासरू देते, सॅल्मनची मादी हजारो अंडी. निवडायला वाव तिथेच.

प्रश्न: चांगली कुळं ओळखून निवड होतच होती. मग माशांच्या डीएनए तपासणीवर खर्च कशाला?

उत्तर: मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो हाच प्रश्न. वजन जिवंत माशाचं करता येतं. पण रोगप्रतिकार तपासायचा तर माशाला रोग लावावा लागतो, आणि असा मासा पुन्हा पैदाशीच्या टाकीत कुणी घेत नाही. म्हणून त्याच्या सख्ख्या भावंडांची परीक्षा घ्यायची रीत पडली. समुद्री उवांच्या, म्हणजे माशाच्या कातडीवर जगणाऱ्या परजीवींच्या, चाचणीचं उदाहरण घ्या. भावंडांच्या टाकीत उवांची पिल्लं सोडतात, काही दिवसांनी एकेक मासा गुंगी देऊन बाहेर काढतात आणि त्याच्या कातडीला चिकटलेल्या उवा मोजतात. ज्या कुळाची सरासरी कमी, ते कुळ चांगलं.

अडचण इथेच आहे. सरासरी अख्ख्या कुळाला एकच गुण देते, आणि सख्खी भावंडं काही सारखी नसतात. आईबापांकडून कुणाच्या वाट्याला काय आलं, हे प्रत्येकाचं वेगळं. एकूण आनुवंशिक फरकापैकी जवळपास निम्मा फरक कुळाच्या आतच असतो. चाचणी फक्त भावंडांवर होत असताना हा निम्मा भाग हाताला लागतच नव्हता. आता पैदाशीच्या माशाच्या पराचा छोटासा तुकडा कापून अल्कोहोलच्या कुपीत ठेवतात, त्यातून डीएनएवरच्या हजारो खुणा वाचतात आणि चाचणी झालेल्या भावंडांच्या खुणांशी ताडून पाहतात. मग एकाच कुळातल्या दोन नरांपैकी कोणता घ्यायचा, हे सांगता येतं. पिढीचा काळ तेवढाच राहतो, पण अंदाज पक्का झाल्यामुळे सुधारणा लवकर पदरात पडते.

प्रश्न: एखादं जनुक शोधून रोगच संपवता येणार नाही का?

उत्तर: एकदा हे बरंचसं साधलं आहे. आयपीएन या विषाणूजन्य रोगात कोवळे सॅल्मन मोठ्या संख्येने दगावत. २००८च्या सुमारास स्कॉटलंड आणि नॉर्वेतल्या गटांना, स्वतंत्रपणे, प्रतिकारातला बहुतेक फरक २६व्या गुणसूत्राच्या एकाच भागात सापडला. तो भाग पाहून निवडलेली अंडी आली आणि नॉर्वेत या रोगाच्या साथी झपाट्याने घटल्या. उवांच्या बाबतीत तसं नाही. त्यांच्याशी झुंजायची ताकद असंख्य जनुकांत थोडी थोडी विखुरलेली आहे. तिथे एकाच जनुकामागे धावण्यात वेळ जाईल.

प्रश्न: मासे लवकर वयात आणून पिढीच आखूड केली तर?

उत्तर: नको. लवकर वयात येणं हा पाळीव सॅल्मनमधला दोष समजतात. माशाची ताकद अंडी-वीर्याकडे वळते, मांस फिकं पडतं. हा दोष काढण्यासाठीच तर कित्येक पिढ्या निवड झाली आहे.

प्रश्न: असे सुधारलेले मासे समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांतून पळून नदीत गेले तर?

उत्तर: जातात, आणि रानटी माशांशी त्यांचा संकरही होतो. आयर्लंड आणि नॉर्वेतल्या नद्यांमधल्या प्रयोगांत पाळीव माशांची संतती रानटी माशांच्या संततीपेक्षा कमी तगली. नॉर्वेतल्या अनेक नद्यांमध्ये पाळीव वाणाची भेसळ डीएनएत दिसते. फलनानंतर लगेच अंड्यांवर जबर दाब दिला की गुणसूत्रांचे तीन संच राहतात आणि मासे वांझ निपजतात. पण उबदार, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात ते लवकर कोलमडतात. म्हणून माझ्या मते तो उपाय अपुरा आहे. आपण पैदाशीचा वेग जितका वाढवू, तितका पाळीव मासा रानटी माशापासून दूर जाईल. तेव्हा पिंजऱ्याच्या जाळ्याची तपासणीही पैदास करणाऱ्यांनी आपलंच काम मानायला हवी.