प्रोफेशनल सर्फरचं करिअर नेमकं कसं असतं, नुसतं लाटांवर खेळून पोट भरतं का?

बरीच वर्षं सर्फिंगच्या स्पर्धा लाइव्ह बघतोय, कधी कधी रात्रभर जागून, त्यावरून सांगतो. पोट भरतं पण मोजक्याच लोकांचं, आणि बहुतेक मोठे पैसे बक्षिसातून नाही तर स्पॉन्सरकडून येतात. चॅम्पियनशिप टूर, म्हणजे अव्वल सर्फरांची वर्षभराची स्पर्धामालिका, ही सगळ्यात वरची पायरी, तिथे पोचायला आधी क्वालिफाइंग सिरीज मग चॅलेंजर सिरीज, आणि तोवर विमानाची तिकिटं, राहणं-खाणं, मोडलेल्या बोर्डाच्या जागी नवा बोर्ड हे सगळं बरेच जण पदरचे पैसे घालून करतात. स्पॉन्सरने हात काढला की चांगली चांगली पोरं मागे पडतात, फार वाईट वाटतं बघून. बायकांना पुरुषांइतकंच बक्षीस वर्ल्ड सर्फ लीगने (ही टूर भरवणारी संस्था) 2019 पासून द्यायला सुरुवात केली, ते तर खूप आधी व्हायला हवं होतं.

पण खरं अवघड काय माहितीये, वाट बघणं. स्पर्धेला दहा-बारा दिवस राखून ठेवलेले असतात आणि लाटा चांगल्या असतील त्याच दिवशी हीट, म्हणजे काही सर्फरमधल्या एकेक फेऱ्या, होतात, सकाळी तयार होऊन जायचं आणि आज नाही म्हटलं की परत फिरायचं. मग हीट मिळते साधारण अर्ध्या तासाची. पाच जज प्रत्येक लाटेला 10 पैकी मार्क देतात, त्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा काढून उरलेल्या तिघांची सरासरी, आणि शेवटी तुमच्या बेस्ट दोनच लाटा धरतात. म्हणजे दहा लाटा पकडूनही हरता येतं! प्रायॉरिटी, म्हणजे पुढची लाट घ्यायचा पहिला हक्क, तुमच्याकडे असताना फालतू लाटेवर गेलात तर मागून येणारी चांगली लाट समोरच्याची. अमेरिकेचा सर्फर केली स्लेटर 11 वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाला, पहिल्यांदा 1992 ला विसाव्या वर्षी आणि शेवटी 2011 ला 39 व्या वर्षी, ते माझ्या मते कुठली लाट सोडायची हे त्याला कळायचं म्हणूनच.

आणि दुखापती. ऑस्ट्रेलियाचा सर्फर ओवेन राइट डिसेंबर 2015 मध्ये हवाईतल्या पाइपलाइन या सर्फिंगच्या जागी लाटेखाली सापडला, मेंदूला मार लागला, चालायला परत शिकावं लागलं त्याला. 2017 मध्ये टूरवर परतला आणि पहिलीच स्पर्धा जिंकली, मी अक्षरशः रडलो होतो तेव्हा. नंतर टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्राँझ पण मिळवलं. 2023 मध्ये डोक्याला अजून मार नको म्हणून थांबला, वय फक्त 33.