ही-मॅनची खेळणी कॉनन या कथांतल्या रानटी योद्ध्यावरून उचलली होती का?

थेट नक्कल नाही, पण घराणं तेच. मॅटेल या खेळणी कंपनीने 1982 मध्ये ही-मॅन हा योद्धा-बाहुला आणला, त्याआधीच कॉननच्या पुस्तकांची मुखपृष्ठं रंगवणाऱ्या फ्रँक फ्रॅझेटाच्या चित्रांतल्या पिळदार रानटी योद्ध्यांनी अमेरिकेत गारूड केलं होतं. पहिला ही-मॅन नीट निरखून बघा: केसाळ लंगोट, छातीवर आडवेतिडवे पट्टे, हातात कुऱ्हाड, गुडघे कायम वाकलेले, आत्ता झेप घेईल असे! सुरुवातीला सोबत मिळणाऱ्या छोट्या पुस्तिकेत तो राजपुत्र नव्हताच, जंगलातली आपली टोळी सोडून निघालेला योद्धा होता. राजपुत्र ॲडम हे त्याचं दुसरं रूप नंतरचं. मला तो पहिला रानटी ही-मॅनच जास्त भावतो. कॉननच्या हक्कधारकांनी मॅटेलला कोर्टातही खेचलं; 1989 मध्ये निकाल मॅटेलच्या बाजूने लागला.